हंटरवालीचे वाडिया

राजूरच्या बाजारात एखादी बाई दुकानदाराला सुनवायला लागली, की मागे उभा असलेला कुणीतरी हळूच म्हणतो, ‘आली हंटरवाली.’ शाळेतल्या कडक बाई, दारूच्या दुकानाला कुलूप लावायला निघालेली सरपंचीण, नातवाला पायरीवर उभं करून पाढे म्हणून घेणारी आजी, सगळ्यांच्या वाट्याला हा एकच शब्द येतो. म्हणणाऱ्याने हंटर पाहिलेला नसतो. ज्या सिनेमामुळे हा शब्द गावोगाव पोचला तो तर त्याच्या बापानेही पाहिला असेल की नाही कोण जाणे. सिनेमा आहे १९३५ सालचा. शब्द मात्र अजून चलनात आहे आणि त्याचे हक्काचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत.

तो चलनात आणला मुंबईच्या दोन पारशी भावांनी. थोरला जमशेद बोमन होमी वाडिया, म्हणजे जेबीएच. धाकटा होमी. आपल्याकडे मारधाडीच्या सिनेमाला तेव्हा ‘स्टंटपट’ म्हणत, आणि ‘स्टंट’ म्हणताना नाक थोडं मुरडायची पद्धत होती. त्या स्टंटपटाचा धंदा पद्धतशीर उभा केला तो या दोघांनी. थोरल्याला पुढे त्याच धंद्याची थोडी लाज वाटू लागली, धाकट्याला कधीच वाटली नाही. सगळी गोष्ट तिथून वळण घेते.

आधी आमच्या भागाची एक गोष्ट सांगून टाकतो, कारण हंटरवालीची कथा अकोले तालुक्यातल्या माणसाला परकी का वाटत नाही ते तिच्यातून कळतं. राजूरजवळच्या देवगावचा राघोजी भांगरे १८४०च्या दशकात सावकार आणि कंपनी सरकार या दोघांच्या विरुद्ध उठला. डोंगर त्याच्या पायाखालचे होते. कर्जाच्या वह्या ज्यांच्या घरी होत्या त्यांची झोप त्याने उडवली. शेवटी तो पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. सरकारी कागदात तो दरोडेखोर, डांगाणातल्या माणसांच्या तोंडी ‘राघोजी’. मुजोर धनवानाला धडा शिकवायचा, गरिबाच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि शिपाई आले की कड्यावरून दिसेनासं व्हायचं, ही गोष्ट आम्हाला ऐकायला पडद्याची गरज नव्हती.

अमेरिकेला मात्र ती पडद्यावर सांगावी लागली. १९२० साली डग्लस फेअरबँक्सने ‘द मार्क ऑफ झोरो’ काढला. त्यात नायकही तो आणि निर्माताही तोच. दिवसा मिळमिळीत वागणारा जमीनदाराचा मुलगा रात्री काळा मुखवटा चढवून गरिबांच्या वतीने तलवार चालवतो. पाठोपाठ ‘रॉबिन हूड’, मग १९२४चा ‘थीफ ऑफ बगदाद’. हा माणूस नुसता उड्या मारणारा नट नव्हता. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर त्याने १९१९ साली युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी काढली होती. पुढे १९२७ साली ज्या अकादमीची स्थापना झाली आणि जी आजही ऑस्कर वाटते, तिचा पहिला अध्यक्ष फेअरबँक्सच. म्हणजे अमेरिकेत सिनेमाधंद्याच्या सर्वांत मानाच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसला तो मारधाडीच्या सिनेमांचा निर्माता. हे ध्यानात राहू द्या.

मुंबईच्या थिएटरांत फेअरबँक्सचे सिनेमे तुडुंब चालत. ते पाहून वेडावलेल्यांत जमशेद वाडिया होता.

वाडिया हे नाव मुंबईत नवं नव्हतं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांनी गोदी उभी केली. पुढच्या पिढ्यांनी ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजं बांधली. ‘कॉर्नवॉलिस’ हे त्यांचंच जहाज. १८४२ साली चीनला ज्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग द्यावं लागलं, त्या तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर. १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला अजून तरंगतं आहे. अशा घरात १९०१ साली जन्मलेल्या मुलाने इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं, कायदाही शिकला आणि मग सिनेमा काढायला निघाला. १९२८ साली! त्या काळी बऱ्या घरातल्या माणसाने सिनेमात जाणं म्हणजे जवळपास तमाशात जाणंच. पारशी पंचायतीतल्या वडीलधाऱ्यांच्या भुवया किती वर गेल्या असतील याची कल्पना करता येते.

‘वसंतलीला’ हा त्याचा पहिला मूकपट. सुरुवातीलाच त्याला उमगलं, की साहित्य आवडणं वेगळं आणि तिकीट विकणं वेगळं. १९३१चा ‘दिलेर डाकू’ हा उघडउघड झोरोच्या वंशातला. १९३२चा ‘तूफान मेल’ आगगाडीचा. धाकटा होमी एव्हाना त्याच्याजवळ येऊन दाखल झाला होता. थोरल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कॉलेजात न रमलेला, कॅमेऱ्यात रमलेला. जेबीएच कथा लिहायचा, होमी ती पळवायचा.

पण ज्या वर्षी ‘दिलेर डाकू’ निघाला त्याच वर्षी सिनेमा बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. त्याचा नायक मास्टर विठ्ठल आपला मराठी गडी, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला आणि मूकपटातल्या तलवारबाजीमुळे ‘हिंदुस्थानचा फेअरबँक्स’ म्हणून गाजलेला. आधीची शारदा कंपनी सोडून तो ‘आलम आरा’कडे आला म्हणून तिने त्याला कोर्टात खेचलं, तेव्हा त्याची बाजू मांडायला बॅरिस्टर जिना उभे राहिले. खटला जिंकला, पण माइकपुढे विठ्ठलची मराठी वळणाची जीभ उर्दूला वळेना. मग बोलपटाच्या पहिल्याच नायकाला बराचसा वेळ न बोलता काढावा लागला. स्टंटच्या सगळ्या मंडळींपुढे हाच पेच होता. घोडा दौडतो आहे, तलवार चालते आहे, पण आता माणसाने बोलायचं काय आणि कुठल्या भाषेत?

वाडियांनी उत्तर शोधलं ते फारशी घाई न करता. १९३३ साली त्यांनी वाडिया मूव्हीटोन ही कंपनी काढली. मंचेरशा बिलिमोरिया आणि टाटा बंधू भागीदार होते (हे टाटा वेगळे, पोलादवाले नव्हेत). परळला घराण्याचा ‘लवजी कॅसल’ हा वाडा होता, तिथे स्टुडिओ उभा राहिला. ज्या वाड्यात कधीकाळी जहाजांचे आराखडे पसरले असतील तिथे आता पुठ्ठ्याचे राजवाडे उभे राहू लागले. पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’. त्याचं लेखन जोसेफ डेव्हिड पेणकरांचं. पेणकर हे बेने इस्रायली, कोकणातल्या आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले आणि पारशी रंगभूमीवर मुरलेले. ‘आलम आरा’ही त्यांच्याच लेखणीतून आलेला. आणि त्या ‘लाल-ए-यमन’मध्ये गाणारा चौदा वर्षांचा पोरगा कोण? फिरोज दस्तूर. हेच पुढे सवाई गंधर्वांचे शिष्य झाले आणि पुण्याच्या महोत्सवात दरवर्षी ज्यांची वाट पाहिली जाई ते पंडित फिरोज दस्तूर. किराणा घराण्याच्या या गायकाची सुरुवात स्टंटपटवाल्यांच्या वाड्यात झाली हे संगीताच्या मैफलीत फारसं कुणी सांगत नाही.

‘लाल-ए-यमन’ चालला, पण वाडियांचं खरं नशीब अजून परळला यायचं होतं. ते आलं एका गोऱ्या मुलीच्या रूपाने.

मेरी ॲन इव्हान्स. जन्म ऑस्ट्रेलियात पर्थला, १९०८ साली. बाप स्कॉटिश, सैन्यातला, आई ग्रीक. पाच वर्षांची असताना मुंबईत आली. बाप पहिल्या महायुद्धात मारला गेला. पुढे काही वर्षं पेशावरकडे गेली आणि तिथे ही पोर घोड्यावर बसायला शिकली. मुंबईला परतल्यावर तिने दुकानात विक्रेतीची नोकरी केली, एका रशियन बाईकडे बॅले शिकली, नाचाच्या तांड्याबरोबर गावोगाव हिंडली, काही दिवस सर्कशीतही होती. कुणा आर्मेनियन ज्योतिषिणीने तिला ‘न’ अक्षरावरून नाव घ्यायला सांगितलं म्हणून ती नादिया झाली. ती वाडियांपुढे आली तेव्हा सोनेरी केस, निळे डोळे, धिप्पाड बांधा आणि हिंदी जवळजवळ शून्य, अशी सगळी नापास व्हायची लक्षणं होती. जेबीएचने सुचवलं, केसांचं काळं गंगावन लाव, नाव नंदादेवी घे. तिने दोन्ही नाकारलं. निर्मात्याचं म्हणणं पहिल्याच भेटीत मोडून काढणारी बाई पाहून एखाद्याने दार दाखवलं असतं. जेबीएचने तिला ‘देश दीपक’मध्ये छोटं काम दिलं, मग ‘नूर-ए-यमन’मध्ये राजकन्या केलं. प्रेक्षकांना ती आवडते आहे हे दिसल्यावर एक कथा तिच्या मापाने बेतायला घेतली.

ती कथा ‘हंटरवाली’. वजीर रणमल राजाला कैद करतो, राजकन्या माधुरी मुखवटा चढवून हातात हंटर घेते आणि जुलूम करणाऱ्यांच्या पाठी सोलत सुटते. छतांवरून उड्या, झुंबरांना लोंबकळणं, भरधाव घोडा. दिग्दर्शन होमीचं, तोपर्यंत तो पुरता पंचविशीचाही नव्हता. खर्च गेला ऐंशी हजारांवर. स्टंटपटाला इतका खर्च त्या काळात वेडेपणाच. त्यातून वितरक बघायला बोलावले तर ते पाठ फिरवून गेले. गोरी बाई, आखूड पँट, देशी पुरुषांना बडवते, हे कोण बघणार? शेवटी वाडिया आणि बिलिमोरियांनी खिशात हात घातला आणि ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात आपणच तो लावला. पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. बाजारात हंटरवालीच्या नावाचे पट्टे, चाबूक आणि आगपेट्या निघाल्या, अर्थात वाडियांना न विचारता.

का चालला? वितरकांचा हिशेब एका जागी चुकला. गोऱ्या सोजिराने देशी माणसाला मारणं लोक रोज पाहत होते. पण गोरी दिसणारी बाई देशी राजकन्या होऊन देशी दुष्टाला मारते, आणि बोलते तोडक्यामोडक्या हिंदीत, म्हणजे ती आपलीच! प्रेक्षकाने तिला बघताबघता आपल्या घरात घेतलं. शिवाय सरकारच्या सेन्सॉरला हिच्यात काहीच खुपत नव्हतं. गांधी टोपी नाही, चरखा नाही, झेंडा नाही. एक दुष्ट वजीर आहे, कैदेतला राजा आहे आणि हंटर आहे. वजीर कोण आणि कैदी कोण हे पिटातल्या माणसाला समजावून द्यावं लागत नव्हतं.

मग रांगच लागली. ‘मिस फ्रंटियर मेल’ १९३६, ‘हरिकेन हंसा’ १९३७, ‘लुटारू ललना’ १९३८, ‘पंजाब मेल’ १९३९, ‘डायमंड क्वीन’ १९४०. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये नादिया धावत्या गाडीच्या टपावर बदमाशांशी मारामारी करते आणि एकेकाला उचलून फेकते. दुसरी बाई उभी करायची पद्धत नव्हती, विमा नव्हता, खाली जाळीही नसे. एखादी उडी चुकली तर चित्रपट तिथेच संपला, आणि कदाचित नटीही. नादियाबरोबर शरीरसौष्ठवाची स्पर्धा जिंकलेला जॉन कावस असायचा. त्याला घेऊन ‘तूफानी टारझन’ही निघाला. पण स्टंटपटाच्या अर्थशास्त्रातली खरी गंमत वेगळीच आहे. वाडियांनी जनावरांना तारे केलं. ‘पंजाब का बेटा’ नावाचा घोडा, ‘गनबोट’ नावाचा कुत्रा, आणि एक खटारा ऑस्टिन मोटार, तिचं नाव ‘रोल्सरॉइस की बेटी’. श्रेयनामावलीत माणसांबरोबर यांचीही नावं येत. घोडा मानधन वाढवून मागत नाही, मोटार दुसऱ्या कंपनीत जात नाही आणि प्रेक्षक मात्र त्यांना ओळखून टाळ्या देतो. फेअरबँक्सलाही हे सुचलं नसेल.

एवढं सगळं पाहणारा प्रेक्षक कोण होता? परळचा स्टुडिओ गिरणगावाच्या मधोमध. पाळी सुटली की कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार चार आण्यांच्या रांगेत उभे. तिथून सिनेमा उतरायचा तो मोफसलात, तालुक्याच्या गावी, आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत. तंबूची पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मळकट कनातीचा तंबू, मध्ये पडदा, एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष, बसायला जमीन. बाहेर तेलावर चालणारं इंजिन धडधडत असायचं. मशीन एकच, म्हणून रीळ संपलं की अंधार, आणि पुढचं रीळ चढेपर्यंत शिट्ट्या. राजूरला डिसेंबरात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा रात्री गावात जो गलका असतो तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना तंबूतल्या अंधारातला गलका वेगळा सांगायला नको. अशा प्रेक्षकाला लांबलचक संवाद ऐकू येतच नाहीत. टापा ऐकू येतात. हंटर ऐकू येतो. वाडियांनी हे ओळखलं होतं. प्रभातच्या सुंदर, मंद, विचारी चित्रांना पुण्यामुंबईत मान होता. इंजिनाच्या आवाजावर मात करणारा सिनेमा मात्र वाडियांचा होता. गिरीश कर्नाडांनी १९८० साली नादियावर एक सुंदर लेख लिहिला, तोही सिरसीसारख्या गावात काढलेल्या लहानपणाच्या आठवणीतून. नाटककार झालेल्या माणसाच्या मनात नादिया इतकी वर्षं घोडा दौडवत होती.

आता प्रभातचं नाव निघालंच आहे तर एक तुलना करू द्या. ‘हंटरवाली’नंतर पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अमरज्योती’ आला. दिग्दर्शक शांताराम. त्यात दुर्गाबाई खोटे सौदामिनी नावाच्या दर्यावर्दी लुटारू झाल्या, पुरुषी जुलमाचा सूड घेणाऱ्या. बाई, शस्त्र, अन्याय, सूड. गाभा एकच. दुर्गाबाईंच्या हातात तलवार आली ती कला ठरली, नादियाच्या हातात हंटर आला तो स्टंट. तीच गोष्ट कोल्हापूरची. भालजी पेंढारकरांनी १९३९ साली ‘नेताजी पालकर’ काढला, त्यानंतर ‘बहिर्जी नाईक’, ‘छत्रपती शिवाजी’, ‘पावनखिंड’. घोडे तेच, दौड तीच, तलवारींचा खणखणाटही तोच. घोड्यावर नेताजी बसला की इतिहासपट, हंटरवाली बसली की स्टंटपट. भालजींचं मोठेपण कमी करायचा माझा हेतू नाही. त्यांच्या घोड्यांच्या टापांना छाती फुगवून पाहणाऱ्यांतलाच मी आहे. पण घोड्याला विचारलं तर त्याला फरक सांगता आला नसता.

हा फरक सर्वांत जास्त कुणाला बोचला असेल तर खुद्द जेबीएचला. इंग्रजी साहित्याचा एम.ए., वाचनाचा किडा, राष्ट्रीय चळवळीकडे ओढा असलेला माणूस. पुढे तो मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळला. महाराष्ट्रातल्या बुद्धिवंतांना रॉय यांनी जी भुरळ घातली तिच्यात वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, तसेच परळचे हे स्टंटपटवालेही होते. स्टंटमध्येही जेबीएचने आपले विचार दडवून ठेवले. ‘डायमंड क्वीन’ची नायिका मधुरिका मुंबईत शिकून गावी परतते आणि बायकांच्या शिक्षणाबद्दल बोलते, गुंडांना बडवता बडवता. हिंदू-मुस्लिम एकीचा विषय त्याने ‘लुटारू ललना’त आणला. पण समीक्षक असे सिनेमे पाहायलाच येत नसत. ज्याने उपदेश ऐकावा अशी त्याची इच्छा होती तो वर्ग तिकीटच काढत नव्हता. जो काढत होता त्याला उपदेशाआधी उडी हवी होती.

मग १९४१ साली जेबीएचने ‘राजनर्तकी’ काढला. मधू बोस यांचं दिग्दर्शन, साधना बोस यांचं नृत्य, पृथ्वीराज कपूर नायक, आणि हिंदी, बंगालीबरोबर इंग्रजीतही तोच चित्रपट, ‘कोर्ट डान्सर’ नावाने. नजर थेट अमेरिकेवर. ज्या देशातून झोरो आला त्या देशाला आता मणिपुरी नृत्य दाखवायचं होतं. खर्च मोठा, महत्त्वाकांक्षा त्याहून मोठी. तिकडे होमी आणि नादिया अजूनही गाड्यांच्या टपावर होते. थोरल्याच्या ‘कलात्मक’ चित्रांचा तोटा धाकट्याच्या स्टंटनी भरून काढायचा, हा संसार किती दिवस चालणार? वरून महायुद्ध. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तिचा तुटवडा पडला आणि सरकारने १९४२ साली चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांपर्यंत आखून दिली.

१९४२ साली भाऊ वेगळे झाले. होमीने ‘बसंत पिक्चर्स’ काढली. नादिया त्याच्याबरोबर गेली. जेबीएचकडे वाडिया मूव्हीटोनचं नाव उरलं, पण परळचा स्टुडिओ हातातून गेला. तो कुणी घेतला? व्ही. शांतारामांनी. प्रभात सोडून शांताराम मुंबईला आले होते, त्यांना जागा हवी होती. लवजी कॅसलच्या आवारात ‘राजकमल कलामंदिर’ची पाटी लागली. १९४३ साली तिथून ‘शकुंतला’ निघाला आणि १०४ आठवडे चालला. मराठी माणूस ‘राजकमल’ म्हणताना ऊर भरून बोलतो आणि त्यात चूक काही नाही. पण त्या फरशीवर आधी ‘पंजाब का बेटा’ दौडला होता, हे ‘राजकमल’च्या आठवणींत फारसं कुठे येत नाही.

आणि होमी? होमीने सरळ ‘हंटरवाली की बेटी’ काढला. त्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. लोकांना काय हवं हे तो थिएटराच्या मागच्या भिंतीला टेकून बघत असे. लोकांना देव हवे आहेत असं दिसल्यावर १९४८ साली त्याने ‘श्री रामभक्त हनुमान’ काढला. हनुमान म्हणजे तरी काय? उड्या, गदा, आग, पर्वत उचलणं. देवाच्या नावाने निघालेला स्टंटपटच तो, फक्त आता त्याला नारळ फोडून लोक बघायला यायचे. त्या पैशातून चेंबूरला बसंत स्टुडिओ उभा राहिला. पौराणिक चित्रांत मीनाकुमारी त्याच्याकडे काम करत होती. ‘वीर घटोत्कच’, ‘श्री गणेश महिमा’, ‘हनुमान पाताल विजय’ ही तिची त्या वर्षांतली कामं, दुःखाची राणी व्हायच्या आधीची. बाबूभाई मिस्त्री त्याच्याकडे चमत्कार करायचे. काळ्या पडद्यापुढे काळा दोरा बांधून वस्तू हवेत तरंगवणारा हा गुजराती जादूगार. १९५६चा रंगीत ‘हातिमताई’ आजही जुन्या पिढीतल्या माणसाला विचारा, चेहरा उजळतो. ‘झिंबो’ हा होमीचा टारझन १९५८चा.

जेबीएचच्या नावे आज कुणाच्या तोंडी एकही चित्रपट नाही. तो चांगला लेखक होता, उदार मालक होता, धंद्यात ज्याच्या शब्दाला वजन होतं असा माणूस होता. रॉय यांच्यावर त्याने १९८३ साली एक पुस्तकही लिहिलं. पण मान मिळवण्यासाठी त्याने ज्या वाटेवर पाऊल टाकलं तिथे शांतारामांसारखी मंडळी आधीच उभी होती आणि ती त्यांची जन्माची वाट होती. त्याची स्वतःची वाट त्याने धाकट्याला देऊन टाकली. मला विचाराल तर ‘डायमंड क्वीन’ ‘राजनर्तकी’पेक्षा मोठा चित्रपट आहे. त्यात नाच कमी आणि धूळ जास्त असेल, पण बाईने शिकावं हे सांगण्यासाठी ज्याने कुस्ती वापरली तो माणूस खरा जेबीएच होता.

होमी आणि नादिया हे सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित. वीस-पंचवीस वर्षं बरोबर काम केलं, लग्न मात्र नाही. होमीच्या आईला परधर्माची, आधीपासून एक मुलगा असलेली सून नको होती आणि आईच्या मनाविरुद्ध होमी जाणार नव्हता. पडद्यावर ज्याने शंभर दुष्ट वजिरांना लोळवलं तो घरात आईपुढे बोलला नाही. आई गेल्यावर १९६१ साली त्यांनी लग्न केलं. नादिया तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. सात वर्षांनी ‘खिलाडी’मध्ये तिने पुन्हा एकदा मारामारी केली, साठाव्या वर्षी.

१९८१ साली बसंत स्टुडिओ बंद झाला. एव्हाना स्टंट हा वेगळा प्रकार राहिलाच नव्हता. ज्या उड्यांवर वाडियांनी आयुष्य घालवलं त्या उड्या अमिताभ बच्चन मारत होता, आणि त्याला कुणी स्टंटपट म्हणत नव्हतं. मोठ्या बजेटात, मोठ्या नटाच्या अंगावर गेल्यावर मारधाडही प्रतिष्ठित झाली. जेबीएच १९८६ च्या जानेवारीत गेले. १९९३ साली त्यांचा नातू रियाद वाडिया याने नादियावर माहितीपट केला आणि परदेशातल्या चित्रपट महोत्सवांत तो दाखवला गेला, तेव्हा कुठे आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांना कळलं की मुंबईत एक बाई राहते आहे जी धावत्या गाडीवर माणसं उचलून फेकायची. वाचून लोकांना आश्चर्य वाटलं. तंबूत बसलेल्यांना वाटलं नसतं.

नादिया गेली ९ जानेवारी १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षं पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. होमी वाडिया १० डिसेंबर २००४ रोजी मुंबईत वारले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. भारत सरकारने १९६९ साली दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. तो शांतारामांना मिळाला, भालजींना मिळाला, दुर्गाबाईंना मिळाला, आणि त्यांच्याबद्दल कुणाचं दुमत नाही. त्या यादीत वाडिया हे नाव नाही.